किक मारली, करंट नाही

चेतकचं इंजिन पूर्ण उघडून काम झालेलं आहे. सिलिंडरला बोअर मारलंय, पिस्टन नवा, रिंगा नव्या, क्रँकची बेअरिंगं आणि दोन्ही बाजूंची ऑइल सीलं नवी, वर केसिंगला झगझगीत चंदेरी रंग. किकला आता असा दाब लागतो की जुनं इंजिन किती थकलं होतं ते पायालाच कळतं. प्लग काढला, कॅपमध्ये खोचला, हेडच्या धातूला टेकवून धरला आणि किक मारली. प्लगच्या टोकाला काहीच नाही. परत मारली. नाहीच. काम सुरू होण्याआधी हीच गाडी धूर ओकत का होईना, पण स्वतःच्या ताकदीवर गॅरेजपर्यंत आली होती. मग करंट गेला कुठे?

गॅरेजात रोज विचारला जाणारा हा प्रश्न आहे. पण त्याचा माग काढत गेलं, की पदार्थविज्ञानातल्या दोन-तीन फार देखण्या गोष्टी त्या तेलकट प्लेटवर भेटतात. त्यासाठी जुनी, पॉइंटवाली चेतक घेऊ. आकुर्डीची ही स्कूटर १९७२ साली आली, मूळ घराणं इटलीच्या व्हेस्पाचं, इंजिन साधारण १४५ सीसीचं टू-स्ट्रोक. तिला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. माणसाच्या पायाच्या एका झटक्यातून ती दहा हजार व्होल्टच्या पुढचा दाब तयार करते. रोज सकाळी अंगणात हे घडत होतं आणि आपण तेव्हा चोक ओढला का, एवढंच बघत होतो.

इंजिनाच्या एका बाजूला क्रँकच्या टोकावर जड चाक असतं. गॅरेजात त्याला मॅग्नेट म्हणतात, कारण त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. त्याच्या पोटात एक न फिरणारी प्लेट, आणि तिच्यावर तांब्याच्या तारेच्या कॉइली, पॉइंटची म्हणजे उघडमिट करणाऱ्या दोन धातूच्या टोकांची जोडी, आणि बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. किक मारली की चुंबक कॉइलींवरून सरसर फिरतात आणि इग्निशनच्या कॉइलीत करंट उभा राहतो. इथपर्यंत शाळेत शिकलेलं असतं. पण हा करंट प्लगकडे जात नाही. पॉइंट मिटलेले असेपर्यंत तो कॉइलीतून पॉइंटांत, पॉइंटांतून इंजिनाच्या धातूत आणि तिथून परत कॉइलीत असा आपल्याच घरात गोल फिरत राहतो. मग मॅग्नेटच्या बुंध्यावरचा कॅम पॉइंटांना ढकलतो, त्यांच्यात ०.३ ते ०.५ मिलिमीटरची फट पडते, आणि वर्तुळ तुटतं.

ठिणगी या तुटण्यातून जन्मते. जोरात वाहणाऱ्या पाण्याचा नळ एकदम बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो ना, तसा वाहता करंट एकदम अडवला की त्याचा दाब उसळतो. इवल्याशा कॉइलीतला दाब एका झटक्यात शे-दोनशे व्होल्टांवर जातो. तो शेजारच्या एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, कॉइलीत शिरतो. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले असतात. वेढ्यांच्या प्रमाणात दाब वाढतो, आणि पलीकडच्या टोकाला हजारो व्होल्ट हजर होतात.

मायकेल फॅरडेनं १८३१च्या ऑगस्टमध्ये लोखंडी कड्यावर दोन कॉइली गुंडाळून हेच पाहिलं होतं. एका कॉइलीला बॅटरी जोडली की दुसऱ्या कॉइलीची सुई हलायची आणि लगेच जागेवर यायची. बॅटरी चालू असताना सुई ढिम्म. बॅटरी काढली की पुन्हा एक हिसका, उलट्या बाजूला. वाहत्या करंटची दुसऱ्या कॉइलीला काही खबरच नव्हती, खबर होती ती फक्त बदलाची. पाच वर्षांनी आयर्लंडमधल्या मेनूथच्या महाविद्यालयात निकोलस कॅलन नावाच्या पाद्र्यानं याच तत्त्वावर मोठी कॉइल बांधली आणि तिचे झटके आपल्या विद्यार्थ्यांना देऊन तिची ताकद मोजली. विद्यार्थ्यांचं मत इतिहासानं फारसं नोंदवलेलं नाही.

ठिणगी करंट तुटण्यातून येते हे ध्यानात घेतलं, की अंधाऱ्या प्लगचा प्रश्न एकदम छोटा होतो. ठिणगी न येण्याची मुख्य कारणं दोनच उरतात. एक तर करंट वाहतच नाही, किंवा वाहतो पण तुटत नाही. आणि इंजिन काम करून आलेल्या गाडीत यातलं दुसरं कारण माणसं नेहमी विसरतात.

मॅग्नेटवाल्या गाडीचं बंद करायचं बटण उलट्या डोक्याचं असतं. घरातला दिवा विझवायला आपण वाट तोडतो, इथे इंजिन विझवायला वाट जोडतात. बटण दाबलं की प्लेटवरून आलेली वायर थेट गाडीच्या अंगाला लागते. आता पॉइंट कितीही उघडोत, करंटला फिरायला दुसरा रस्ता मिळालेला असतो. तो तुटत नाही, उसळत नाही, आणि इंजिन गप्प होतं. याचा अर्थ असा, की ही बटणाची वायर कुठेही चेपली, सोलली आणि धातूला लागली, तर गाडी जन्मभर ‘बंद’ स्थितीत राहील. आणि इंजिन उतरवून पुन्हा चढवताना सगळ्यात जास्त छळ सोसतात त्या याच वायरी. प्लेटखालून येणारा झुपका रबरी बुचातून बाहेर पडतो, केसिंगला लागून वळतो, जोडणीच्या डबीत शिरतो. वीस-तीस वर्षांच्या उष्णतेनं वरचं वेष्टन कडक झालेलं असतं. प्लेट बसवताना एखादी वायर तिच्या खाली दबते, किंवा मॅग्नेटला घासते, किंवा डबीत दोन वायरींची अदलाबदल होते. म्हणून पहिली तपासणी अगदी फुकटची आहे. इंजिनाकडून बटणाकडे जाणारी वायर डबीतच सुटी करायची आणि किक मारून बघायची. ठिणगी आली, तर इंजिनावर राग काढायचं कारण नाही, चोर हँडलच्या दिशेनं आहे.

वेष्टनाचं हे दुखणं मोटारीइतकंच जुनं आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली गाडी घेऊन, बरोबर दोन मुलगे, मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इग्निशनची वायर उघडी पडली, तेव्हा तिनं आपल्या मोज्याचा बंद काढून तो तिथे वेष्टन म्हणून वापरला असं सांगतात. जगातल्या पहिल्या लांब मोटारप्रवासातली ही दुरुस्ती आजही तितकीच योग्य ठरेल, फक्त आपल्याकडे काळी टेप मिळते.

बटणाची वायर सोडूनही अंधारच असेल, तर संशय कंडेन्सरवर. तो पॉइंटांना समांतर जोडलेला असतो. आतून शॉर्ट झाला तर परिणाम तोच, पॉइंट उघडले तरी वर्तुळ मिटलेलंच. त्याची वायर सुटी करून किक मारली आणि बारीक, लालसर का होईना, ठिणगी दिसली, तर तो गेला. पुण्याच्या नाना पेठेतून आणलेला नवा कंडेन्सर नवा आहे एवढ्यावर त्याला निर्दोष धरू नये. नव्या भागाला कोणी तपासत नाही, हीच त्याची सोय असते.

इथे मीटरवाल्यांसाठी एक फसवी जागा आहे. पॉइंट उघडतात की नाही हे बघायला हौसेनं मल्टिमीटर लावला, की पॉइंट उघडे असोत वा मिटलेले, तो बीप करतच राहतो. माणूस नवे पॉइंट आणतो, तरी बीप. कारण साधं आहे. कॉइलीचं दुसरं टोकही धातूलाच जोडलेलं असतं आणि तिचा रोध जेमतेम ओहमभर. मीटरच्या दृष्टीनं ती कॉइल म्हणजे सरळ तारच. कॉइलीची वायर पॉइंटवरून सोडल्याशिवाय मीटर पॉइंटांबद्दल काहीच खरं बोलत नाही. जुने मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मिटलेल्या पॉइंटांत धरून मॅग्नेट हातानं हळू फिरवतात. कागद ज्या क्षणी सैल होतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण. या कागदाला बॅटरी लागत नाही आणि तो खोटं बोलत नाही.

आता पहिलं कारण, करंट न वाहण्याचं. दोनशे व्होल्ट उसळण्याआधी कॉइलीतला दाब अगदी थोडा असतो, किकच्या वेगाला तर फारच थोडा. इतक्या दुबळ्या दाबाला अडवायला मळाचा एक थर पुरतो. पॉइंटांची टोकं टंगस्टनची असतात. गाडी महिनोन्‌महिने कामात पडून राहिली तर त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, डोळ्यांना दिसत नाही पण करंटला भिंत वाटते. नवे पॉइंट असतील तर गंजू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला तेलाचा हात त्यांच्यावर असतो. आणि इंजिन काम झालेल्या गाडीत तिसरी शक्यता, मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील बसवताना लावलेलं ग्रीस किंवा नीट न बसलेल्या सीलमधून झिरपलेलं तेल, थेट पॉइंटांवर. पेट्रोलचा हलका हात, मग पांढरा स्वच्छ कागद पॉइंटांत धरून ओढायचा, काळा डाग येणं थांबेपर्यंत. काही गाड्या एवढ्यावरच बोलू लागतात.

पण मला सगळ्यात गमतीचं वाटतं ते अर्थिंगचं प्रकरण. सर्किटची आकृती काढताना आपण करंट परत येण्याची तार काढत नाही, तिथे फक्त तीन आडव्या रेघा ओढतो. ती तार म्हणजे इंजिन स्वतः. प्लेटचे स्क्रू, केसिंगचं ॲल्युमिनियम, हेड, प्लगचे आटे, एचटी कॉइलीचा पत्रा, हे सगळे परतीच्या रस्त्याचे तुकडे आहेत. तीस वर्षं मळलेलं, ओघळलेलं, पण धातूला धातू टेकलेलं इंजिन उत्तम वाहक होतं. ते उघडून घासून पुसून हौसेनं रंगवलं, एचटी कॉइलीच्या पत्र्याखाली चंदेरी रंगाचा जाड थर गेला, बोल्ट मात्र रंगातच रुतला, आणि परतीचा रस्ता बंद. बिघाड काहीच झालेला नाही, उलट सगळं सुधारलं आहे, आणि त्या सुधारण्यातच ठिणगी हरवली आहे. कॉइलीखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून उघडा धातू काढला की काम होतं. रंगाऱ्याला वाईट वाटेल, वाटू दे.

समजा करंट वाहतोय आणि तुटतोय. तरी तो पुरेशा झटक्यात तुटला पाहिजे. फॅरडेची सुई बदलावर हलते, आणि बदल जितका वेगवान तितका दाब मोठा. पण पॉइंट उघडायला लागतात तेव्हा त्यांच्यातली फट पहिल्या क्षणी अगदीच नगण्य असते, आणि उसळलेला करंट तीच फट उडी मारून ओलांडतो. पॉइंटवरच ठिणगी पडते, प्लगवर पोचतो तो उरलासुरला चोथा. यावरचा उपाय फ्रान्सच्या फिझोनं १८५३ साली शोधला. प्रकाशाचा वेग जमिनीवर मोजणारा हाच तो फिझो. त्यानं तुटणाऱ्या जागेला समांतर कंडेन्सर जोडला. उसळणारा करंट त्या पहिल्या क्षणी कंडेन्सरमध्ये शिरतो, तेवढ्यात पॉइंट पुरेसे दूर जातात, आणि तुटणं स्वच्छ होतं. चेतकच्या प्लेटवरच्या त्या एवढ्याशा डबीत १८५३ची ही कल्पना जशीच्या तशी बसलेली आहे. कंडेन्सर आतून सुटा झाला असेल तर अंधारात पॉइंटांवर निळसर पांढरा लखलखाट दिसतो आणि प्लगवर जेमतेम धागा.

आता प्लगच्या फटीत शिरू, कारण खरं नवल तिथे आहे. प्लगची फट साधारण ०.६ मिलिमीटर. दोन्ही टोकांमध्ये हवा, आणि हवा म्हणजे उत्तम इन्सुलेटर. दाब वाढत जातो तसा फटीत असलेला किंवा धातूच्या कडेवरून सुटलेला एखादा मोकळा इलेक्ट्रॉन वेग घेतो. हवेत असे भटके इलेक्ट्रॉन थोडे का होईना पण सतत तयार होत असतात. जमिनीतली किरणोत्सारी द्रव्यं आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण मिळून दर घन सेंटिमीटर हवेत सेकंदाला दहाच्या आसपास रेणू फोडत असतात. वेगात आलेला इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूवर आदळून आणखी एक इलेक्ट्रॉन सोडवतो, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी काळात फटीतून वाहक वायूची एक तार ओढली जाते. तिचं तापमान क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक असतं. त्यातली ऊर्जा मात्र हास्यास्पद कमी, काही मिलीज्यूल ते काही दहा मिलीज्यूल. तीस मिलीज्यूल म्हणजे तीन ग्रॅम वजन मीटरभर उचलायला लागणारी ऊर्जा. पेट्रोलची वाफ आणि हवेचं योग्य मिश्रण पेटायला आदर्श स्थितीत त्याच्याही शंभराव्या भागाएवढी पुरते.

१८८९ साली फ्रीडरिश पाशेननं दाखवून दिलं, की अशी फट ओलांडायला किती व्होल्ट लागतील हे फटीची लांबी आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. मोकळ्या हवेत मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं, रेणू दाटीवाटीनं उभे असतात, इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागा मिळत नाही, आणि तीच फट ओलांडायला कितीतरी पट व्होल्ट लागतात. म्हणून हेडला टेकवलेला प्लग बाहेर छान निळा चटचटतो आणि आत गेल्यावर मुका होतो, असं घडू शकतं. हातात दिसलेली ठिणगी सिलिंडरमधल्या ठिणगीचा पुरावा नव्हे. बाहेर तपासायचं तर फट मुद्दाम मोठी ठेवून तपासावं. निरोगी कॉइल मोकळ्या हवेत पाच-सहा मिलिमीटर सहज उडी मारते.

आणि इथे इंजिन कामाचा सगळ्यात अनपेक्षित उलट परिणाम बसलेला आहे. झिजलेल्या रिंगांमुळे जुन्या इंजिनात कॉम्प्रेशनच उरलेलं नव्हतं, तेव्हा म्हातारी एचटी कॉइल आपल्या कमी ताकदीतही फट ओलांडत होती. नवा पिस्टन, नवं बोअर आलं, कॉम्प्रेशन वाढलं, आणि त्याच कॉइलीपुढे एकाएकी उंच भिंत उभी राहिली. कॉइल कामानंतर बिघडलेली नसते. ती आधीपासूनच अर्धी गेलेली असते, इंजिन तरणं झाल्यावर तिचं वय उघडं पडतं. अशा वेळी प्लगची फट जरा कमी करून गाडी सुरू झाली, तर निदान पक्कं समजावं, आणि ती फट तशीच ठेवून वापरत राहण्याचा मोह टाळून कॉइल बदलावी.

प्लगची कॅपही तपासून घ्यावी. तिच्यात बहुधा पाचेक हजार ओहमचा रोधक असतो, आणि तो तुटला की मीटर अनंत दाखवतो. तो तिथे असण्याचं कारण मजेदार आहे. ठिणगी म्हणजे रेडिओलहरींचं उगमस्थान. हाइनरिश हर्ट्झनं १८८०च्या दशकात जगातल्या पहिल्या रेडिओलहरी ठिणगीतूनच काढल्या. ज्यांनी गच्चीवरच्या अँटेनावर दूरदर्शन पाहिलंय त्यांनी हा प्रयोग घरी बसून पाहिलेला आहे. गल्लीतून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांच्या आडव्या रेषा नाचायच्या. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर टू-स्ट्रोकमध्ये सेकंदाला ८३ ठिणग्या, आणि प्रत्येक ठिणगी एक छोटं प्रक्षेपण. रोधक त्या प्रक्षेपणाचा आवाज दाबतो. तपासताना एक पथ्य मात्र पाळायचं, वायर प्लगविना मोकळी ठेवून किका मारायच्या नाहीत. उसळलेल्या व्होल्टांना फट मिळाली नाही तर ते कॉइलीच्या आतल्या वेष्टनातून वाट काढतात. आणि प्लगचं उघडं भोक पेट्रोलची वाफ फेकत असतं, तेव्हा ठिणगी त्याच्यापासून लांब धरावी.

एवढं सगळं झाडून पाहिलं तरी ठिणगी अशक्तच असेल, तर मॅग्नेटकडे वळायचं. जुन्या मॅग्नेटात बहुतेक अल्निको जातीचे चुंबक असत. १९३१ साली जपानच्या तोकुशिची मिशिमानं लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा जो मिश्रधातू काढला, त्याच वंशातले. ताकदवान, पण रुसणारे. मॅग्नेट काढून महिनाभर उघडं टाकलं, हातोडीनं ठोकून काढलं, तर त्यांची ओढ कमी होते. म्हणून जाणता माणूस मॅग्नेट पुलरनंच काढतो आणि काढल्याबरोबर लोखंडी पाट्यावर चिकटवून ठेवतो, चुंबकाच्या रेषांना परतीची वाट मिळावी म्हणून. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या चेतकांत पॉइंट आणि त्यांचा कॅम गेला, पण चुंबक, कॉइल, अर्थिंग आणि चेपलेल्या वायरी तिथेही तशाच आहेत. २०२० साली आलेल्या विजेवरच्या चेतकला प्लगच नाही, तिचं दुखणं वेगळ्या डॉक्टरांकडे.

परत जुन्या चेतककडे येऊ. पॉइंटची फट जितकी महत्त्वाची वाटते त्याहून अधिक आहे. चुंबक कॉइलीवरून जाताना करंट चढतो आणि उतरतो. पॉइंट नेमके तो शिखरावर असताना उघडले पाहिजेत. फट थोडी कमी-जास्त केली की उघडण्याचा क्षण सरकतो, करंट शिखरावरून घसरल्यावर तुटतो, आणि ठिणगी पिवळट होते. फट फिलर गेजनंच लावायची, ब्लेडच्या पात्यानं अंदाजे लावलेली फट चालते, पण चालते एवढंच.

ठिणगी निळी, जाड, चटचटीत आली. प्लग घट्ट बसवला, तरी गाडी सुरू होत नाही, किक मात्र उलटी उसळून पायाला फटका देते. ही तक्रार ठिणगीच्या वेळेची आहे. मॅग्नेट आणि क्रँक यांची जागा ठरवणारी एक चिमुकली अर्धचंद्राकृती चावी असते, नखाएवढी. बसवताना ती खाचेतून सरकली आणि नट तसाच आवळला, तर मॅग्नेट थोडं फिरून बसतं. कॅम मॅग्नेटवरच असल्यानं पॉइंट आणि चुंबक यांचं आपसांतलं गणित जुळलेलंच राहतं, म्हणून ठिणगी उत्तम पडते. पिस्टन मात्र त्या वेळी भलतीकडेच असतो. मॅग्नेट पुन्हा पुलरनं काढायचं, चावी नवी घालायची, क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक कोरडं पुसून घ्यायचं, कारण मॅग्नेटला धरून ठेवतं ते या निमुळत्या भागाचं घर्षण, चावी फक्त जागा दाखवते. मग प्लेटवरची खूण केसिंगवरच्या खुणेशी जुळवून स्क्रू आवळायचे, आणि किक मारायच्या आधी पायात चप्पल नाही, बूट आहे ना, ते बघून घ्यायचं.